एवढं टाकतो नि निघतो

दुपारचे डबे नुकतेच मिटले होते. काउंटरवरच्या काकूंनी हात पुसले, संगणकासमोर बसल्या आणि मान न वळवताच नेहमीसारखा आवाज दिला, "आत कोण?"

"कुणी नाही. मी बाहेर!" भिंगरी तिच्या टेबलावरून म्हणाली.

"मग हे मला आत का घेत नाही?"

भिंगरी उठून बघायला गेली. पडद्यावर चौकट आली होती. फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी वापरात आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा. तिनं पुन्हा करून बघितलं, तेच. आपल्या टेबलावर जाऊन बघितलं, तिथंही तेच.

हे आत-बाहेरचं प्रकरण आधी सांगून टाकायला हवं, म्हणजे पुढं घोळ नको. दुकान वजनकाट्यांचं. विकायचे आणि दुरुस्तही करायचे. पुढं काउंटर, त्याच्या मागं भिंगरीचं टेबल, बाजूला मालकांची काचेची केबिन आणि सगळ्यात मागं एक बिनखिडकीची खोली. भर दुपारीसुद्धा तिथं दिवा लावल्याशिवाय आपला हात आपल्याला दिसत नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर घेताना मालकांनी परवाना घेतला एका माणसाचा आणि त्यावर कामाला लावली सगळी माणसं. सगळा हिशेब एकाच फाइलीत, आणि फाइल त्या मागच्या खोलीतल्या जुन्या डब्यात, म्हणजे सर्व्हरमध्ये. बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून, नेटवर्कच्या तारेतून, त्या डब्यातला सामायिक ड्राइव्ह उघडायचा आणि फाइलीत शिरायचं. पण एका वेळी एकानंच. दोघं एकदम शिरले की फाइल बिघडलीच म्हणून समजा. तशी ती दोनदा बिघडली होती, आणि दोन्ही वेळा सगळं पहिल्यापासून टाकत बसला तो दादा. मग दादानंच नियम घातला. फाइलीत जाताना विचारायचं, "आत कोण?" जो असेल त्यानं "मी" म्हणायचं. काम झालं की मोठ्यानं म्हणायचं, "बाहेर!" आणि बाहेर म्हटल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. पोरांचा खेळ वाटावा असा प्रकार, पण तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता.

दादा म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी हे नावही त्याचंच. दुकानाचा हिशेब तो एकहाती सांभाळायचा. गेल्या वर्षी त्या मागच्या खोलीतच, खुर्चीत बसल्या बसल्या, तो गेला. हृदय बंद पडलं म्हणे. अजून केसही पिकले नव्हते त्याचे. थोड्या दिवसांनी मालकांनी भिंगरीला बोलावून त्याची जागा दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "आमच्याकडं घरच्यासारखं आहे. बहिणीला लगेच लावून घेतली."

घरच्यासारखं! या गृहस्थानं सॉफ्टवेअरमधून दादाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. परवाना त्याच्या नावावर, पासवर्ड त्याचा. बदलायचं म्हणजे कोण खटपट करणार? त्यामुळं भिंगरी रोज सकाळी मेलेल्या भावाच्या नावानं आत शिरायची. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक बिलाखाली त्याचं नाव आणि त्याचा फोन नंबर छापून जायचा. तो फोन आता आईच्या उशाशी असायचा. गिऱ्हाइकं फोन करायची, "साहेब आहेत का? जरा बिलाचं विचारायचं होतं," आणि दर वेळी आईला नव्यानं सांगावं लागायचं की तो नाही. फोन बंद करून टाक म्हटलं तर म्हणायची, "त्याचा आहे तो. कसा बंद करू?" संध्याकाळी भिंगरीनं दारात चप्पल काढायच्या आत आईचा प्रश्न यायचा, "काढलं का गं त्याचं नाव?" भिंगरी म्हणायची, "उद्या." आणि दर उद्याला मालक म्हणायचे, "बघू."

"काय लावलंय हे?" मालक केबिनच्या दारात आले. "आज कराच्या वार्षिक रिटर्नची शेवटची तारीख आहे, आठवतंय ना?"

"फाइल उघडत नाही. कुणीतरी आत आहे म्हणतंय."

"कोण आहे?"

"कुणीच नाही. काकू बाहेर, मी बाहेर..."

"मग तूच काहीतरी करून ठेवलं असशील. तुझ्या भावाच्या वेळी असं एकदाही झालं नव्हतं."

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झालं होतं, आणि ते निस्तरता निस्तरता तो आठवडाभर घरी जेवायलासुद्धा आला नव्हता. पण ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि नेटवर्क दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

त्याला सगळे रीस्टार्ट म्हणत, कारण फोन उचलल्या उचलल्या तो "रीस्टार्ट केलंत का?" एवढंच विचारायचा. खांद्याला पिशवी, ओठांवर सारखी गुणगुण, अंगात जरा जास्तच उत्साह. आल्या आल्या तारा ओढून बघितल्या, काकूंच्या संगणकावर बसला, मग भिंगरीच्या.

"ताई, तुमचं नेटवर्क ठणठणीत आहे," तो म्हणाला. "ड्राइव्ह दिसतोय. फोल्डर उघडतंय. म्हणजे रस्ता मोकळा आहे, पण दार कुणीतरी आतून लावून घेतलंय. डबा कुठाय?"

भिंगरी त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथं जायला तिला आवडत नसे. दिवा लावला तरी तो पिवळा, आजारी उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचत नव्हता. भिंतीला लागून जुने वजनकाटे एकावर एक रचलेले, त्यांची तबकडीची तोंडं दाराकडं. धुळीचा आणि वंगणाचा वास. आणि त्या वासाखाली आणखी एक वास, अगदी पुसट, डोकेदुखीच्या बामाचा. दादा कपाळाला बाम चोळून कामाला बसायचा. वर्ष झालं तरी वास गेला नाही, भिंतींनीच पिऊन ठेवला असेल, असं भिंगरी स्वतःला समजावत असे. आज मात्र तो आत्ताच कुणी डबी उघडल्यासारखा येत होता.

"खुर्ची वजनकाट्यावर का ठेवलीय?" रीस्टार्टनं विचारलं.

टेबलासमोरची खुर्ची खरोखरच एका मोठ्या, जमिनीलगतच्या वजनकाट्यावर होती. पोती तोलतात तसल्या.

"मालकांची अक्कल," भिंगरी म्हणाली. "त्याची तार भिंतीतून केबिनमध्ये गेलीय. आकडा तिकडं दिसतो. रिकामी खुर्ची नऊ किलोची. आकडा नऊवर आला की दादा जागेवरून उठला, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. मग हाक यायची, 'उठलास कशाला?' पाणी प्यायला उठला तरी."

रीस्टार्टची गुणगुण थांबली. "माणूस होता का पोतं?"

"ते तू त्यांनाच विचार."

त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. डब्याला ना मॉनिटर होता ना कीबोर्ड. दादा गेल्यावर मालकांनी दोन्ही उचलून भिंगरीच्या टेबलावर ठेवायला लावले होते, नवे कशाला घ्यायचे म्हणून. रीस्टार्टनं पिशवीतून लॅपटॉप काढला, तार डब्याला जोडली आणि आत कोण आहे त्याची नोंद उघडली.

नाव एकच होतं. दादाचं.

"हे तुम्हीच ना ताई? तुम्ही याच नावानं जाता."

"मी बाहेर आहे. आज सकाळपासून आत गेलेच नाही."

"हो, हे नेटवर्कवरून आलेलंच नाही," तो पडद्याजवळ वाकला. "हे इथूनच आत गेलंय. या डब्यासमोर बसून. आणि बाहेर पडल्याची नोंदच नाही... गेल्या वर्षापासून. इतके दिवस दुकानाच्या वेळेत नुसतं आत बसून होतं, म्हणून तुम्हाला कुणाला अडवलं नाही. आज त्यानं रिटर्नचं पान उघडलंय. ते उघडलं की हे सॉफ्टवेअर बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं."

"त्यानं म्हणजे कुणी?"

 रीस्टार्टनं ते नाव निवडलं आणि बंद केलं. नाव गेलं. दोघांनी श्वास सोडला. नाव परत आलं. त्यानं पुन्हा बंद केलं. ते पुन्हा आलं, जरा घाईनं, कुणी दार ढकलत असताना आतून रेटा द्यावा तसं.

"रीस्टार्ट करू," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला आणि त्यानं डब्याचं बटण दाबून धरलं.

पंखा घरघरत थांबला. डब्यावरचा हिरवा ठिपका विझला. खोली एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत आवाज आला. टक टक टक... टक टक... ठक.

"उंदीर असेल," रीस्टार्ट कुजबुजला.

 आकड्यांच्या बटणांवर भराभर बोटं आणि शेवटी एंटरवर अंगठ्याचा जोरात ठोका, असं टाइप करणारा एकच माणूस भिंगरीला ठाऊक होता. घरी रात्री तो आकडेमोड करत बसायचा तेव्हा आई आतून ओरडायची, "अरे, हळू मार, तुटेल ते." भिंगरीनं उघड्या दारातून आपल्या टेबलाकडं बघितलं. दादाचा तो कीबोर्ड तिथंच होता. मालकांनी चांगला दिला नाही म्हणून त्यानं स्वतः आणलेला, आकडे झिजून गेलेला. त्याला कुणाचा हात लागत नव्हता.

टक टक... ठक.

बाहेर काकूंचा धीर सुटला असावा. त्यांनी सवयीनंच हाक मारली, "आत कोण?"

"मी," खुर्चीतून उत्तर आलं. दमलेला आवाज, फार मोठा नाही. "एवढं टाकतो नि निघतो..."

रीस्टार्ट कुठून कसा बाहेर पडला ते त्यालाही सांगता आलं नसतं. भिंगरी मात्र तिथंच उभी राहिली.  रोज रात्री आईनं फोन केला की हेच वाक्य. एवढं टाकतो नि निघतो. ताट झाकून आई बसायची, आणि तो यायचा तेव्हा ताट पार गार झालेलं असायचं. मेल्यावरसुद्धा त्याला हेच बोलावं लागावं?

ती बाहेर आली तेव्हा काकू पदरानं तोंड दाबून बसल्या होत्या.

"ऐकलंत ना तुम्ही?"

"त्या दिवशीही हेच बोलला होता गं," काकू म्हणाल्या. डोळ्यांना धार लागली होती. "तुला सांगायचं धाडस झालं नाही कधी. सकाळी येऊन मालकांपुढं उभा राहिला. छातीत दुखतंय, घरी जाऊ का म्हणून. हे म्हणाले, 'एवढं रिटर्न टाक नि मग जा.' दुपारी मी विचारलं आत कोण, तर हेच... एवढं टाकतो नि निघतो. नंतर हाक मारली तर ओ नाही. मला वाटलं, गढलाय कामात. मालक तर खूश होते. म्हणाले, 'आज आकडा जरासुद्धा हललेला नाही, बघा. याला म्हणतात काम.'"

 भिंगरीनं मागच्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"आणि संध्याकाळी यांनी आत जाऊन बघितलं, तर बाहेर येऊन मला काय म्हणाले माहितीये? 'काकू, आधी फाइल सेव्ह आहे का बघा, मग डॉक्टरांना फोन करा.'"

 रीस्टार्ट दाराबाहेर एक पाऊल आणि आत एक पाऊल अशा अवस्थेत उभा होता. भिंगरी वळली आणि केबिनचं दार न ठोठावता आत गेली.

मालक खुर्चीत मागं रेलून बसले होते. त्यांच्या समोरच्या भिंतीवर, जिथं तो आकडा दिसायचा, तिथं एक नॅपकिन लटकवलेला होता. भिंगरी कामाला लागल्यापासून तो तिथं होता. तिला आजवर वाटायचं, दादाच्या आठवणीनं झाकला असेल. माणसाबद्दल किती चांगलं गृहीत धरतो आपण!

"ते झाकलंय कशाला?"

"बिघडलाय तो."

"आपलं दुकान वजनकाट्यांचं आहे. बिघडलं तर दुरुस्त करतो आपण, झाकून ठेवत नाही." आणि तिनं नॅपकिन ओढला.

लाल आकडा जळत होता. एकाहत्तर. दादा वाळक्या अंगाचा होता. त्याचं वजन आणि खुर्चीचं, मिळून तेवढंच व्हायचं.

 मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कधीपासून?" भिंगरीनं विचारलं.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. आवाजात लाज नव्हती, थोडी कटकट होती. "हे बघ, मी काही त्याला धरून ठेवलेलं नाही. तो आपण होऊन करतोय. तुला काय वाटलं, महिनाअखेरची जुळणी तुझ्यामुळं होते? तुझ्या चुका कोण निस्तरतं?"

भिंगरीला सगळं आठवलं. संध्याकाळी अर्धवट टाकून गेलेलं काम सकाळी पूर्ण झालेलं असायचं. आपणच केलं असेल, थकून विसरलो असू, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं. म्हणजे दिवसभर ती राबायची आणि उरलेलं तो. एका पगारात भाऊ आणि बहीण, दोघंही.

"जिवंतपणी पिळून काढलंत त्याला," ती म्हणाली.  "मेल्यावरही सोडला नाहीत! वर्षभर हा आकडा बघत बसलात आणि तुमच्या घशाखाली घास उतरला? तिकडं माझी आई रोज लोकांना सांगते की माझा मुलगा गेला. आणि इकडं तुम्ही त्याला कामाला लावून ठेवलाय!"

"हळू बोल. गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. सगळा गाव येऊ दे. उठा तुम्ही. आत चला आणि जा म्हणून सांगा त्याला. एवढं टाक नि जा, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? तुमच्या शब्दावर बसलाय तो. शब्दाचा पक्का होता, एवढीच त्याची चूक."

मालकांनी घड्याळ बघितलं. रिटर्न अडकलेलं होतं, हेच काय ते त्यांना उठवू शकलं. नाकाला रुमाल लावून ते मागच्या खोलीच्या दाराशी गेले. आत पाऊल टाकलं नाही. भिंगरी त्यांच्या मागं, तिच्या मागं काकू.

"अरे... ऐकतोस का?" मालक अंधाराला म्हणाले. "झालं आता. जा तू."

आतला टकटकाट थांबला. खुर्ची जराशी करकरली, उठायच्या आधी माणूस पुढं सरकतो तशी. 

"पण..." मालकांनी पुन्हा घड्याळ बघितलं. "तेवढं रिटर्न टाकून जा."

"मालक!" भिंगरी किंचाळली.

"हो, मालक," आतून आवाज आला. खुर्ची पुन्हा मागं झाली.

टक टक टक. बंद पडलेल्या डब्यावरचा हिरवा ठिपका आपोआप लागला. टक टक. ठक. पुढं काउंटरवरचा प्रिंटर खडबडून जागा झाला आणि त्यानं एक कागद बाहेर टाकला. रिटर्न भरल्याची पावती होती. मालकांनी ती घेतली, उजेडाकडं धरून निरखली आणि त्यांचा चेहरा उजळला. 

"बघितलंस? याला म्हणतात कामाचा माणूस." आणि दाराकडं वळून, अगदी सहज, "बरं, बसलाच आहेस तर ती मागची जुनी बिलंही घे टाकायला."

भिंगरीनं त्यांना हातानं बाजूला केलं आणि ती आत गेली. पिवळा दिवा आता नुसताच लुकलुकत होता. बामाचा वास इतका दाट की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. रिकाम्या खुर्चीपुढं ती गुडघ्यांवर बसली. खुर्चीच्या हातावर हात ठेवला, तर खुर्ची कोमट लागली.

"दादा... मी भिंगरी."

टकटक थांबली.

"आई वाट बघतेय. ताट झाकून ठेवलंय."

"एवढं..."

"नाही. एवढं नाही, तेवढं नाही. कुणाचं काहीसुद्धा टाकायचं नाही. नियम तू केलास ना? मग म्हण. म्हण बघू... बाहेर."

काही झालं नाही. खूप वेळ काही झालं नाही. मग तिच्या डोक्यावर काहीतरी टेकल्यासारखं झालं, लहानपणी तो टपली मारायचा तितपत, आणि तिच्या कानाजवळ कुणी तरी हळूच म्हणालं, "बाहेर."

खुर्ची करकरली. काकू केव्हाच केबिनकडं धावल्या होत्या, तिथून ओरडल्या, "नऊ! अगं, आकडा नऊ झाला!"

बामाचा वास गेला होता. धूळ आणि वंगण, बाकी काही नाही. भिंगरी तिथंच बसून पोटभर रडली. मालक दारात तणतणत होते, "काय करून ठेवलंस हे! आता ती जुनी बिलं कोण टाकणार?"

"तुम्ही टाका," ती उठत म्हणाली. "मी उद्यापासून येणार नाही."

रीस्टार्ट परत आला होता.  त्यानं लॅपटॉप उघडला. आतली नोंद रिकामी होती.

"ते नाव काढ," भिंगरी म्हणाली. "सगळीकडून. बिलांवरून, फोन नंबरासकट."

"आणि परवान्याचं काय?" मालक म्हणाले.

"परवान्याला एक नाव लागतंच," रीस्टार्ट म्हणाला. मग त्यानं मान वर करून मालकांकडं नीट बघितलं. "तुमचं घालू?"

"वेगळा खर्च नाही ना? मग घाल की."

त्यानं दादाचं नाव पुसलं आणि मालकांचं घातलं. त्यांच्याच हुकमावरून भिंगरीच्या टेबलावरचा मॉनिटर आत नेऊन डब्याला जोडला. कीबोर्ड भिंगरीनं आधीच काखेत मारला होता. तो दादाचा होता, आणि त्याबद्दल एक शब्द ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. "ने, ने," मालक कुरकुरले. "उद्या दुसरा मागवतो. तोवर माऊसवर भागवीन." आणि ते वजनकाट्यावरच्या त्या खुर्चीत बसले.

दुकानाच्या पायरीवर आल्यावर भिंगरीनं सवयीनं मोठ्यानं सांगितलं, "बाहेर!" मागून उत्तर आलं नाही. तिनंही थांबून ऐकलं नाही.

संध्याकाळी भिंगरी दारात चप्पल काढत होती तेव्हा आईनं विचारलं, "काढलं का गं त्याचं नाव?"

"काढलं, आई."

आई मटकन खाली बसली. मग उठली, भिंगरीच्या काखेतला कीबोर्ड घेतला, पदरानं पुसला आणि खिडकीत ठेवला. दादाचा फोन उशाशी होता. त्या दिवशी तो एकदाही वाजला नाही, आणि किती तरी दिवसांनी आई उजाडेपर्यंत झोपली.

सकाळी भिंगरीचा फोन वाजला. आईनं नंबर बघून भिंगरीकडं दिला. काकू होत्या.

"अगं, मालक काल घरी गेलेच नाहीत. दुकान बंद करू का म्हणून विचारलं तर म्हणाले, थोडं राहिलंय, तुम्ही शटर ओढून निघा. आत्ता येऊन बघते तर तिथंच बसलेत. फाइल उघडत नाही माझी. आत त्यांचं नाव दाखवतंय."

"हाक मारा मग. बाहेर या म्हणावं."

"मारली की. 'आत कोण?' विचारलं, तर 'मी' म्हणाले. दारात जाऊन बघितलं. पाठ दिसतेय, हात हलतायत. खटाखट टाइप करतायत, ऐक, इथपर्यंत आवाज येतोय."

भिंगरीनं फोन कानाला घट्ट धरला. लांबून येत होता तो. टक टक टक... ठक. तिची नजर खिडकीत ठेवलेल्या कीबोर्डवर गेली.

"दुसरा कीबोर्ड आणला का कुणी?"

"कोण आणणार? दुकान मीच तर उघडलं आत्ता." काकूंचा आवाज खाली आला. "आणि इकडं परत तो... बामाचा वास यायला लागलाय गं."

"काकू, केबिनमध्ये जा. आकडा बघा."

काकूंची पावलं ऐकू आली. काचेचं दार सरकलं. त्याच वेळी मागच्या खोलीतून, लांबून पण अगदी स्पष्ट, मालकांचा दमलेला आवाज आला, "एवढं टाकतो नि निघतो..."



"काकू? किती आहे?"

"ते बसलेत गं खुर्चीत," काकू कुजबुजल्या. "मागचं दार उघडं आहे, मला इथून काचेतून पाठ दिसतेय त्यांची... आणि आकडा नऊ आहे."